काडतुसाची चरबी आणि सांगण्याची जबाबदारी

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट आहे. असरची नमाज आटोपून मंडळी मशिदीच्या ओसरीवर बसली होती. आमच्या मोहल्ल्यातील एक वयस्क चाचा एका बँकेच्या दारावर बाराबोअर बंदूक घेऊन पहारा देतात. ते जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मौलाना, एक मसला आहे. बंदुकीला मी जे ग्रीस लावतो त्याचा डबा माझ्या आधीच्या पहारेकऱ्याकडून आलेला. वर चिठ्ठी नाही, नाव नाही. काल एक जण म्हणाला, असल्या ग्रीसमध्ये डुकराची चरबी असते. अकरा वर्षे मी याच हातांनी नमाजला येतोय. माझ्या नमाजांचं काय?"

मी घाईत होतो. हसून म्हणालो, "चाचा, बंदुकीला कुठे नमाज पढायची आहे?" ओसरीवर हशा पिकला. चाचाही कसनुसे हसले, "खरंय, खरंय" म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

रात्री मला माझे ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवत राहिले. माझे उत्तर चुकीचे होते असे म्हणता येणार नाही, कारण मी उत्तर दिलेच नव्हते. एका माणसाने आपल्या अकरा वर्षांच्या इबादतीची चिंता माझ्यासमोर ठेवली होती आणि मी तिची थट्टा केली होती. ज्याला ठाऊक आहे, किंवा ज्याने ठाऊक करून घ्यायला हवे, अशा माणसाने न जाणणाऱ्याच्या शंकेला क्षुल्लक मानावे काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. या लेखात त्याचाच विचार करायचा आहे.

प्रथम चाचांच्या मसल्याचे उत्तर पाहू. बंदुकीला वंगण लागते ते दोन कारणांसाठी. एक, लोखंडाला गंज चढू नये. दुसरे, जिथे धातू धातूवर घासतो तिथे झीज होऊ नये. नळीच्या आत-बाहेर पातळ तेलाचा हात फिरवतात आणि बार काढण्यापूर्वी नळी आतून कोरडी पुसून घेतात. घडी घालून उघडणाऱ्या बाराबोअरमध्ये जिथे नळी वळते त्या खिळ्याला मात्र थोडे घट्ट ग्रीस लागते, कारण पातळ तेल तिथून ओघळून जाते. तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकेच. जास्त लावले तर धूळ त्यात बसते आणि ते मिश्रण धातूला पॉलिशच्या कागदासारखे घासू लागते. आज बाजारात मिळणारे बंदुकीचे तेल बहुधा खनिज तेलापासून किंवा रासायनिक प्रक्रियेने तयार केलेले असते. ग्रीस म्हणजे असेच तेल एका प्रकारच्या साबणात धरून ठेवलेले. तो साबण पुष्कळदा एरंडेल तेलापासून होतो. काही ठिकाणी जनावराच्या चरबीपासूनही होतो. म्हणजे चाचांची शंका अगदीच निराधार नव्हती.

आता शरीअतचे म्हणणे. वस्तू मुळात पाक मानावी, हा फिकहचा मान्य नियम आहे. खात्री शंकेने नाहीशी होत नाही, हा दुसरा नियम. डब्यात काय आहे याचा कोणताही पुरावा नसताना केवळ कुणीतरी काहीतरी म्हणाला म्हणून अकरा वर्षांच्या नमाजा बाद होत नाहीत. शिवाय मूळ चरबीचे रासायनिक रूपांतर होऊन तिचा साबण झाला असेल, तर हनफी फिकहमध्ये अशा साबणाला पाक मानलेले आहे. शाफई फिकह या बाबतीत अधिक कडक आहे, आणि कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत, हे ध्यानात ठेवावे. मात्र एक गोष्ट चाचांनी विचारली नव्हती आणि ती मी सांगायला हवी होती. घट्ट ग्रीसचा थर हातावर राहिला तर वजूचे पाणी त्वचेपर्यंत पोहोचत नाही. तो थर साबणाने काढूनच वजू करावा लागतो. पातळ तेलाच्या नुसत्या ओशटपणाने मात्र वजूला बाध येत नाही. एवढे सांगायला पाच मिनिटे पुरली असती.

त्या पाच मिनिटांची किंमत किती होऊ शकते, हे त्या रात्री मला एका जुन्या पुस्तकामुळे आठवले. बी.ए.ला मराठी घेतलेल्या प्रत्येकाला विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' ठाऊक असतो. कोकणातील वरसईचा हा गरीब भिक्षुक दक्षिणा मिळवून कर्ज फेडावे म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वावटळीत सापडला. त्याच्या हकिकतीत काडतुसांच्या चरबीची गोष्ट येते. आपण ती शाळेत इतक्यांदा वाचलेली असते की तिच्यात विचार करण्यासारखे काही उरले आहे असे वाटत नाही. पण बारकाईने पाहिले तर ती गोष्ट वंगणाच्या निवडीची आहे, आणि ती निवड करताना कुणाला विचारले गेले नाही, याची आहे.

इंग्रजांच्या सैन्यात १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल आली. जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. या नव्या नळीत आतून वळणदार खाचा होत्या, त्यामुळे गोळी फिरत जाई आणि दूरवर अचूक लागे. कागदी काडतुसात दारू आणि गोळी एकत्र बांधलेली असे. शिपायाने ते दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि कागदात गुंडाळलेली गोळी गजाने आत ठासायची. काळ्या दारूची काजळी प्रत्येक बाराबरोबर नळीत साचत जाते आणि पुढची गोळी उतरेनाशी होते. म्हणून काडतुसाच्या गोळीकडील टोकाला वंगण लावणे भाग होते. नुसती चरबी उन्हात वितळते, म्हणून तिच्यात मेण मिसळत. यंत्राच्या दृष्टीने हा सारा विचार चोख होता.

वंगण लावलेली ही काडतुसे १८५३ साली इंग्लंडहून हिंदुस्थानात पाठवली गेली. हेतू असा की इथल्या उष्ण हवेत ते वंगण टिकते की नाही ते पाहावे. शिपायांच्या कंबरेच्या पिशव्यांत ती महिनोन्‌महिने ठेवली गेली, तपासली गेली, अहवाल लिहिले गेले. चरबी उन्हाला कशी तोंड देते याची परीक्षा झाली. ज्याच्या तोंडात ती जाणार होती त्याला ती चालेल काय, हे मात्र कुणी विचारले नाही. एका माणसाला ते सुचले होते. बंगाल लष्कराचे अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल हेन्री टकर यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लेखी इशारा दिला होता. या वंगणात देशी शिपायांच्या धर्माला बाधक असे काही नाही अशी खात्री असल्याखेरीज ही काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत, असा त्याचा आशय होता. तो कागद दप्तरात पडून राहिला.

१८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम येथे ठिणगी पडली. तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातील एका मजुराने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला. मजूर म्हणाला, तुमची जात लवकरच जाणार आहे, गाईच्या आणि डुकराच्या चरबीची काडतुसे तुम्हाला दातांनी तोडावी लागणार आहेत. ज्याला स्पर्शालाही अपात्र ठरवले गेले, त्याच्याच मुखातून ही बातमी बाहेर पडली, हेही विसरू नये. माणसामाणसांत उच्चनीच मानणाऱ्यांना इतिहासाने तिथे आरसा दाखवला होता.

पुढे जे घडले ते बहुतेकांना ठाऊक नसते. डमडमच्या शिपायांनी लगेच बंड केले नाही. कवायतीच्या मैदानावर त्यांना विचारले गेले तेव्हा बहुतेक जण पुढे आले आणि त्यांनी आदबीने आपले म्हणणे मांडले. त्यांनी बंदूक नाकारली नाही, चाकरी नाकारली नाही. मेण आणि तेल यांचे वंगण वापरावे, एवढेच ते म्हणाले. म्हणजे उपाय त्यांनीच सुचवला होता, आणि तो अवघडही नव्हता. मेण बाजारात होते, तेल बाजारात होते. कॅप्टन राइट या अधिकाऱ्याने हे वर कळवले, आणि बराकपूरचे सेनापती जनरल हिअर्सी यांनी शिपायांना वंगणाचे जिन्नस स्वतः बाजारातून घेऊ द्यावेत अशी शिफारस केली.

मग सरकारने दारूगोळा खात्याला विचारले की चरबी कशाची आहे. कर्नल अ‍ॅबट यांचे उत्तर नोंदलेले आहे. चरबी आणि मेण यांचे मिश्रण ठरल्याप्रमाणे वापरले होते, आणि आक्षेपार्ह चरबी त्यात येऊ नये यासाठी काही विशेष खबरदारी घेतलेली नव्हती. हे उत्तर नीट वाचावे. शिपायांचा धर्म बुडवावा असा कट त्यात दिसत नाही. चरबी पुरवणाऱ्याला ती कोणत्या जनावराची असावी हेच सांगितलेले नव्हते, इतकी बेफिकिरी मात्र दिसते. पुढे हिंदुस्थानचे सरसेनापती झालेले रॉबर्ट्स १८५७ च्या लढायांत तरुण अधिकारी होते. त्यांनी १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात सरकारी कागदांच्या आधारे मान्य केले की मिश्रणात आक्षेपार्ह चरबी खरोखरच होती. डुकराच्या चरबीविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण ती नव्हतीच, असे त्या वेळी शपथेवर सांगू शकेल असा एकही जबाबदार माणूस सरकारपाशी नव्हता.

इथे मुसलमान शिपायाच्या दृष्टीने एक मुद्दा स्पष्ट करायला हवा. मुसलमानाला केवळ डुकराची चरबी नको होती आणि गाईच्या चरबीशी त्याचे देणेघेणे नव्हते, असे सर्रास लिहिले जाते. ते अपुरे आहे. गाय किंवा बकरा हलाल आहे, पण शरीअतच्या रीतीने जिबह झालेला असेल तरच. मेलेल्या जनावराची चरबी मुर्दार ठरते. या विषयावर तर थेट हदीस आहे. मक्केच्या विजयाच्या वर्षी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मद्य, मुर्दार, डुक्कर आणि मूर्ती यांची विक्री निषिद्ध ठरवली, तेव्हा सहाबांनी मुर्दाराच्या चरबीबद्दल विचारले. ती नावांना लावतात, कातड्यांना चोळतात, दिव्यांत जाळतात, तिचे काय? प्रेषितांनी नकार दिला आणि ती हराम असल्याचे सांगितले. हा हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेला वृत्तांत बुखारी आणि मुस्लिम दोघांनी नोंदला आहे. हा नकार विक्रीपुरता की वापरालाही लागू, यावर इमामांत मतभेद झाले. शाफई विद्वानांनी नावांना लावण्यासारखा बाह्य वापर चालेल असे मानले, तर बहुसंख्य विद्वानांनी वापरही टाळावा असे म्हटले. पण ही चर्चा लाकडाला आणि कातड्याला लावण्याच्या वंगणाची आहे. दातांत धरण्याच्या वस्तूविषयी कुणातही मतभेद नाही. एन्फिल्डचे काडतूस दातांत धरावे लागे.

या हदीसमध्ये आणखी एक धडा आहे. विचारणाऱ्यांना प्रेषितांनी हसण्यावारी नेले नाही. नावेची चरबी, दिव्याची चरबी, कातड्याची चरबी, असे बारीकसारीक प्रश्न सहाबा विचारत होते, आणि विजयाच्या त्या धामधुमीत ते प्रश्न ऐकून घेतले गेले व त्यांचे स्पष्ट उत्तर दिले गेले. हे लिहिताना मला माझी ओसरी आठवते.

आता शिपायांच्या बाजूचा कठीण प्रश्न. जानेवारी संपण्याच्या आत सरकारने हुकूम काढला की काडतुसे वंगणाविना द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे मिश्रण स्वतःच्या हाताने लावावे. हा हुकूम योग्य होता. त्यावर मेरठहून अ‍ॅडज्युटंट जनरलचे म्हणणे आले की काही पलटणी पूर्वीपासून मेण आणि बकऱ्याची चरबी लावलेली काडतुसे वापरतच आहेत. आता नवा हुकूम काढला तर उलट शंका वाढेल. मग त्यांच्यापुरती जुनी पद्धत चालू राहिली. पुढे मार्चमध्ये काडतूस दातांऐवजी हातांनी फाडण्याची कवायत मान्य झाली. तरीही शंका शमली नाही. फेब्रुवारीत बराकपूरच्या चौकशीत शिपाई म्हणाले की आता चरबी नसेलही, पण कागद चकाकतो, जळताना चरचरतो, म्हणजे चरबी कागदातच असणार. कागद रासायनिक तपासणीला पाठवला गेला. त्यात चरबी आढळली नाही. पिठात हाडांची पूड मिसळल्याची अफवा छावण्यांतून आणि बाजारांतून फिरली. तीही खोटी होती.

सूरह हुजुरातमध्ये श्रद्धावंतांना दोन आज्ञा आहेत. अविश्वासू माणसाने बातमी आणली तर शहानिशा करावी, आणि अतिरेकी संशयापासून दूर राहावे. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या एका हदीसमध्ये असे आहे की काही लोकांनी विचारले, नवमुस्लिम मंडळी आम्हाला मांस आणून देतात, त्यांनी अल्लाहचे नाव घेतले की नाही ते आम्हाला ठाऊक नसते. तेव्हा प्रेषितांनी त्यांना खोदून चौकशी करायला सांगितले नाही. तुम्ही अल्लाहचे नाव घ्या आणि खा, असा त्या मार्गदर्शनाचा आशय होता. शरीअत शंकेखोर माणूस घडवू इच्छित नाही. या कसोटीवर कागदाबद्दलची आणि पिठाबद्दलची शंका टिकत नाही. आपण प्रामाणिक असू तर हे मान्य केले पाहिजे.

पण मग त्याच शिपायांना वंगणाबद्दलची त्यांची पहिली शंका खरी असल्याचा अनुभव नुकताच आला होता, हेही मान्य केले पाहिजे. हजरत आयशांच्या हदीसमध्ये मांस आणणारे लोक मुसलमान होते, फसवण्याचा त्यांचा इतिहास नव्हता, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवणे रास्त होते. इथे देणाऱ्याने आपण काय देतो याची चौकशीच केलेली नव्हती. एकदा असे घडल्यावर त्याच्या प्रयोगशाळेचा दाखला कुणाला पटणार? तपासणी खरी होती, पण उशिरा आली होती. त्यातच अवध खालसा होऊन वर्ष उलटले होते, समुद्रापार चाकरीची सक्ती नव्या भरतीवर आली होती, वेतनाच्या तक्रारी होत्या. बंडाचे एकमेव कारण काडतूस होते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र साऱ्या अविश्वासाला हातात धरता येईल अशी वस्तू काडतुसाने दिली.

शेवट मेरठला झाला. २४ एप्रिल रोजी कर्नल कारमायकेल स्मिथ यांनी तिसऱ्या घोडदळातील ९० निवडक स्वारांना मैदानावर उभे करून काडतुसे घेण्यास फर्मावले. ती जुन्या पद्धतीची काडतुसे होती, त्यांना नवे वंगण नव्हते आणि ती हातांनी फाडायची होती. तरीही ८५ जणांनी ती घेतली नाहीत. त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. देशी अधिकाऱ्यांच्याच लष्करी न्यायालयाने त्यांना १० वर्षांची सक्तमजुरी सुनावली. ९ मे रोजी साऱ्या छावणीसमोर त्यांचे गणवेश उतरवून पायांत बेड्या ठोकल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी, १० मे रोजी, मेरठ पेटले. दोन्ही बाजूंनी निरपराध माणसे, बायका आणि मुले मारली गेली, आणि पुढच्या वर्षभरात दिल्लीपासून झाशीपर्यंत गावेच्या गावे उजाड झाली. विष्णुभटाने झाशीत ते डोळ्यांनी पाहिले.

त्या ८५ जणांच्या हातातील काडतुसाला ती चरबी नव्हती. म्हणून त्यांचा नकार चुकीचा होता काय? वस्तूपुरते पाहिले तर कदाचित होय. पण ती वस्तू पाक आहे हे त्यांना कुणाच्या शब्दावर मानायचे होते? ज्याच्या शब्दावर मानायचे, त्यानेच चार वर्षांपूर्वीचा इशारा दप्तरात पडू दिला होता. माझे मत असे आहे की शंका घेणाऱ्यावर शहानिशेची जबाबदारी असते, पण जाणून घेण्याची आणि सांगण्याची पहिली जबाबदारी बनवणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आणि हुकूम देणाऱ्यावर असते. प्रेषितांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य भिजलेले निघाले, तेव्हा ग्राहकाने नीट पाहून घ्यायला हवे होते असे ते म्हणाले नाहीत. भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. फसवणूक करणारा आपल्यातला नाही, हा त्या प्रसंगीचा इशारा आपण सर्वांनी ऐकला आहे.

प्रिय वाचकहो, १८५७ वाचताना आपण सहज शिपायाच्या जागी उभे राहतो. औषधाच्या कॅप्सूलमधील जिलेटिन कशाचे, बिस्किटातील स्निग्धांश कुठला, असे आपण विचारतो आणि दुकानदार कपाळाला आठ्या घालतो तेव्हा आपल्याला वाईट वाटते. ते रास्तच आहे. पण आपण नेहमी त्याच बाजूला असतो काय? ईदच्या दिवशी शेजारचा शाकाहारी मुलगा आपल्या घरी शीरखुर्मा खायला येतो. त्याची आई दारातूनच संकोचाने विचारते, "भाभी, भांडं वेगळं आहे ना?" त्या वेळी दारूगोळा खात्याच्या जागी आपण असतो. पळी कशात बुडवली होती हे फक्त आपल्याला ठाऊक असते. "अहो, एवढं काय त्यात" असे म्हणून हसणे सोपे असते. ती बाई पुढच्या ईदला मुलाला पाठवत नाही आणि कारणही सांगत नाही. आपल्या दृष्टीने ती पळी पाक असते, पण तिचा प्रश्न आपल्या पाकीचा नसतोच. तिच्या श्रद्धेला काय चालते, हे तिला ठरवू देणे हा तिचा हक्क आहे आणि खरे सांगणे हे आपल्यावरचे अमानत आहे.

खानावळ चालवणारे, बेकरी चालवणारे, कातड्याचा आणि साबणाचा धंदा करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. वस्तू कशाची हे ग्राहकाने विचारण्याआधी सांगावे, आणि आपल्याला ठाऊक नसेल तर मालाच्या पुरवठादाराला आपण विचारावे. डमडमच्या शिपायांनी मेण आणि तेल सुचवले होते. जो विचारतो त्याच्याकडे पुष्कळदा उपायही असतो, आणि तो मोजक्या पैशांत होणारा असतो. घरातही हेच. मुलगी विचारते, अमुक गोष्ट हराम का, आणि आपण "मोठ्यांना उलट विचारू नये" म्हणून तिला गप्प करतो. ती पुन्हा विचारत नाही. तिच्या मनातील शंका मात्र तशीच राहते, आणि मग ती तिचे उत्तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकते.

दुसऱ्या दिवशी मी बँकेपाशी गेलो. चाचा दुपारच्या सावलीत स्टुलावर बसले होते. मी त्यांची माफी मागितली आणि मसला सविस्तर सांगितला. नमाजा झाल्या आहेत, काळजी नसावी. ग्रीसचा थर मात्र साबणाने काढून वजू करावा. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मौलाना, त्या दिवशी मला वाटलं, माझा सवालच वेडा होता." मी म्हणालो, "वेडेपणा माझा होता, चाचा." संध्याकाळी आम्ही दोघे बाजारात जाऊन, वेष्टनावर खनिज तेल असे लिहिलेली बंदुकीच्या तेलाची एक लहान बाटली घेऊन आलो. जुना डबा चाचांनी फेकून दिला. शरीअतने तो फेकायला सांगितले नव्हते, पण मी त्यांना अडवले नाही. संशयास्पद ते सोडून निःसंशय ते घ्यावे, हाही दीनचाच मार्ग आहे.

त्यानंतरच्या शुक्रवारी खुतब्यापूर्वीच्या बयानात मी ओसरीवरचा प्रसंग सांगितला, चाचांचे नाव न घेता. हशा जमातीसमोर झाला होता, म्हणून कबुलीही जमातीसमोर व्हावी असे मला वाटले. नमाजनंतर तिघे जण आपापले मसले घेऊन आले. त्यांपैकी एक जण वर्षभर विचारायचे टाळत होता.

अल्लाह आपल्याला विचारण्याचे धैर्य देवो, ज्यांच्या हाती ज्ञान, दुकान, स्वयंपाकघर किंवा सत्ता आहे त्यांना वेळेवर सांगण्याची तौफीक देवो, आणि कुणाच्याही ईमानाच्या प्रश्नावर हसण्यापासून आपल्या जिभांचे रक्षण करो. आमीन.